मबरूकाचा न शिवलेला गठ्ठा

ये, अशी जवळ बस, इनू. तू तिकडे बर्फाच्या गावात, मी इथे नागपुरात महालातल्या गल्लीत, मध्ये सगळे समुद्र, तरी बस. चष्मा लाव. माझ्या मांडीवर गिरवलेलं, पुढे माझ्या पत्रांवर घोटलेलं मराठी अजून वाचता येतं म्हणालीस ना, मग बोट ठेवून सावकाश वाच. आणि आधी माझी दोन बोलणी खा.

फोनवर काय म्हणालीस? "मावशी, त्या गठ्ठ्याचे फोटो काढून मोबाईलवर पाठव, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटं! चारशेच्या वर पानं आहेत, पोरी. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, दोन्ही अंगांनी लिहिलेला, मागची शाई पुढे उतरलेली. माझे हात असे थरथरतात की बशीत कप वाजतो. पण ते राहू दे. रागवायचं कारण वेगळंच आहे. तू आईचं नाव घेतलंस, गठ्ठ्याचं नाव घेतलंस, "तुझ्याजवळच आहे ना अजून?" असं विचारलंस, आणि मीही मोठी शहाणी, "हो गं बाई, माझ्याचजवळ" म्हणून मोकळी झाले. सगळं फोनवर. त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला.

म्हणून हे हातानं लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. शेजारच्या नंदाची सून तुझ्या त्या देशात कामाला निघालीय, ती तुझ्या हातात आणून देईल. तुझ्या आईच्या देशाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. आफ्रिकेच्या वरच्या अंगाला, एकीकडे समुद्र, एकीकडे वाळवंट, मधली हिरवी चिंधी म्हणजे आमचा मुलूख, असं ती सांगायची. तेवढं पुरे.

फाल्गुनात तिला घरातून नेलं. आता वैशाख सरत आला, कुठे ठेवलीय ते कोणी सांगत नाही. इतक्या कादंबऱ्या लिहिलेली, तुरुंगात पडलेल्या माणसांसाठी जन्मभर दारोदार फिरलेली बाई, आणि तिच्यावर आरोप काय, तर खोटारडेपणाचा! म्हणे समुद्राकाठचं ते घर तिनं मनानं रचलं. तिथे बायका डांबल्याच नव्हत्या, तशा बायका कुठे जन्मल्याच नव्हत्या. तुझी वकीलबाई म्हणते, त्या बायकांची नावं-गावं असलेला, त्याच काळात लिहिलेला कागद हाती आला तर खटल्यात उभं राहता येईल. तसा कागद जगात एकच आहे, आणि तो माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे कसा राहिला, हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. विषय निघाला की "जाऊ दे गं, जुन्या गोष्टी" म्हणायचे. आज जाऊ देत नाही.

काल खाली जाऊन बाइंडिंगची खोली उघडली. आमचे हे, तुझे काका, गेल्यापासून ती बंदच असते. कुलूप काढलं आणि आधी वास आला. भिंतींनी पिऊन ठेवलेला सरसाचा वास. हाडांचा, थोडा कुजका, थोडा गोड. तुला तो आवडायचा नाही, नाकाला फ्रॉक लावून आत यायचीस. आणि खळीचा वास. मैद्याची खळ शिजवताना आम्ही चिमूटभर मोरचूद टाकायचो, किडे खाऊ नयेत म्हणून, त्यानं तिला पोपटी झाक यायची. पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा अजून तिथेच आहे, जबडा उघडा टाकून. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि कोण जाणे का, त्याला पाठ दाखवायची हिंमत झाली नाही. मागे सरकत दाराबाहेर आले.

तुम्ही दोघी आलात तो उन्हाळाच होता. वरची खोली भाड्यानं द्यायची होती, कायदा शिकायला आलेली परदेशी बाई आहे असं कोणी सांगितलं, आणि भर दुपारी सायकलरिक्षातून एक उंच बाई उतरली. डोक्याला निळा रुमाल, कडेवर तू, हातात टाइपरायटरसारखी जड पेटी. पेटीत नुसते कागद होते. नाव सांगितलं, मबरूका. गल्लीनं संध्याकाळपर्यंत तिची मबू केली आणि तुझी इनू.

उन्हाचं तिला काही वाटायचं नाही. पण कूलरच्या खसाचा ओला वास आला की डोळे मिटून बसायची. म्हणायची, "वहिनी, समुद्र किती दूर?" मी म्हणायची, "आगगाडीनं एक रात्र अन् वर थोडा दिवस." एकदा तिला फुटाळा तलावावर नेलं. इतकं पाणी बघून खूश होईल म्हटलं. तिनं बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला फसवलं.

खायला-प्यायला मात्र तिनं इथलंच तिथलं करून टाकलं. ज्वारीच्या कण्या चाळणीत घालून उकळत्या भाजीच्या पातेल्यावर वाफवायची, हातानं मोकळ्या करायची, पुन्हा वाफवायची. पुदिन्याचा चहा हात उंच करून ओतायची, तुझे काका टाळी वाजवायचे. "अवं पाह्य, पाह्य, एक थेंब सांडला नाही! नाही तं तू, बशीत वतता वतता अर्धा ओट्याले पाजते." मी म्हणायची, "मंग तिलेच सांगा ना रोजचा चहा कराले, मी बसतो फर्मे मोडत." फर्मा म्हणजे छापून आलेला मोठा ताव. तो घडी घालून सोळा पानांचा करायचा, हेच माझं दिवसभराचं काम. हाडाच्या पट्टीनं घडी दाबली की कागद सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. मबू त्या आवाजासाठी खाली येऊन बसायची. तुला मांडीवर निजवायची आणि लिहायची.

तीन गठ्ठे व्हायचे होते. पहिला झाला तेव्हा म्हणाली, "वहिनी, याले पुस्तक बनव." एव्हाना तिची जीभ आमच्यासारखी वळायला लागली होती. मी मोठ्या हौशीनं शिवला. दाभणानं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं टाके घातले, लाल कापडाचा कणा दिला, शिकंज्यात दाबला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या हातात ठेवला. तिनं उघडला आणि इतकी हसली, इतकी हसली, की तू झोपेतून उठून रडायला लागलीस. तुमचं लिहिणं उजवीकडून चालतं ना! मी आपल्या सवयीनं डाव्या अंगाला कणा शिवला होता. तिचं पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू होत होतं.

तुझे काका म्हणाले, "काहून हसून राहिली हे? काय केलं वं तू?"

"तुमच्या खानदानाचं नाव केलं," मी म्हटलं, आणि सगळे टाके उसवायला बसले.

त्या हसण्यानंतर मला तिच्या कागदांची गोडी लागली. एक अक्षर कळत नव्हतं, पण शिवता शिवता पानं ओळखीची झाली. मी विचारलं, यात काय लिहिलंय? म्हणाली, गोष्ट आहे, पहिल्या दोन भागांत गोष्ट, तिसऱ्यात गोष्ट नाही.

तिसऱ्यात काय होतं ते तिनं मारबतीच्या दिवशी सांगितलं. पोळ्याचा दुसरा दिवस. गच्चीवर आपण तिघी उभ्या. खालून काळी मारबत चाललेली, ती कागदा-बांबूची अक्राळविक्राळ बाई, मोठाले डोळे, पुढे ढोल, मागे मागे माणसांचा लोंढा. "रोगराई घेऊन जा गे मारबत! इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" तू टाळ्या वाजवत होतीस. मबूनं विचारलं, हिला कुठे नेतात? मी म्हटलं, शिवेबाहेर नेऊन जाळतात. तिनं कठड्याला धरलेला हात सोडला नाही.

"आमच्याकडेही नेतात," ती म्हणाली. "पण ढोल वाजवत नाहीत."

तेव्हा कळलं. ती इथे यायच्या आधी सात महिने समुद्राकाठच्या एका घरात कोंडलेली होती. तुला तेव्हा आजीनं सांभाळलं. त्या घरात आणखी बावीस बायका होत्या. लिहायला कागद नव्हता, म्हणून तिनं त्यांची नावं, गावं, बापाचं नाव, कोणत्या तारखेला आणली, कोणाला कोणत्या दिवशी बाहेर नेली आणि परत आणली नाही, हे सगळं चालीवर पाठ केलं. तुला आठवतं का गं, संध्याकाळी ती तुला खांद्यावर टाकून गच्चीत येरझारा घालायची आणि काहीतरी गुणगुणायची? तू मोठी झाल्यावर मला फोनवर म्हणालीस, मावशी, आईची ती अंगाई मला चालीसकट येते, शब्द तेवढे येत नाहीत. पोरी, ती अंगाई नव्हती. ती त्या बावीस जणी होत्या. विसरू नये म्हणून रोज म्हणायची, आणि तू त्यांच्यावर झोपायचीस.

मारबतीनंतर घरात काहीतरी बदललं. काय, ते बोटानं दाखवता आलं नसतं. समोरच्या पानठेल्यावर एक स्कूटरवाला दुपारभर उभा राहायला लागला, पान न खाता. वरच्या खोलीची कडी मबू दोनदा ओढून बघायची. आणि तिची पत्रं. तिकडून तिच्या बहिणीची पत्रं यायची, पातळ निळी पाकिटं. पोस्टमन माझ्या हातात द्यायचा. मला सवय, हातात कागद आला की बोट कडेवरून फिरवायचं. एका पाकिटाच्या तोंडाशी बोट अडखळलं. उन्हात धरून पाहिलं. डिंकाच्या दोन रेघा होत्या. एक जुनी, पिवळी पडलेली, आणि तिच्या शेजारी दुसरी, ताजी, जरा जाडसर. मी मबूला म्हटलं, "हे पाकीट दोनदा चिकटवलंय. एकानं प्रेमानं चिकटवलं, एकानं घाईनं." तिनं ते पाकीट स्वतः उन्हात धरून पाहिलं. त्यानंतर प्रत्येक पत्रावरून आधी माझं बोट फिरवून घ्यायची, मग उघडायची. सगळ्यांवर दोन रेघा.

नवरात्र बसलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे किती स्टॉल लागतात तुला माहीत आहे; त्याच्या आधीचे पंधरा दिवस आम्हाला मान वर करायची सोय नसायची. जिन्यात ताव, पलंगाखाली ताव, देवघरापुढे ताव. मबूचा तिसरा गठ्ठा लिहून झाला होता. दोऱ्यानं बांधून तिनं माझ्या फळीवर ठेवला होता. म्हणाली, सावकाश शिव, उजवीकडून. मी म्हटलं, दसरा होऊ दे.

अष्टमीला पत्र आलं. आई अत्यवस्थ आहे, तोंड बघायचं असेल तर ये. बहिणीच्या अक्षरात. पाकिटाला दोन रेघा. मी तिचा हात धरला. "मबू, हे खरं नाही. कोणीतरी लिहून घेतलं." ती म्हणाली, "माहीत आहे. पण वहिनी, आई खरंच आजारी असली तर?" ठरलं ते असं, की तू माझ्याजवळ राहायचं, ती पंधरा दिवसांत परत येणार.

दुसऱ्या दिवशी नवमी. खंडेनवमी. सकाळीच आम्ही हत्यारं धुतली. दाभण, सुया, हाडाची पट्टी, कटिंग मशीनचं पातं, सगळं शिकंज्यावर मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं, नारळ फोडला. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार हातात धरायचं नाही. राबणाऱ्या वस्तूंना वर्षातून एक दिवस विसावा. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून कधी मोडलेलं नव्हतं. दहा-अकराचा सुमार असेल. मबू खाली आली. अंघोळ झालेली, निळा रुमाल, डोळे सुजलेले.

"वहिनी, तिसरा गठ्ठा शिवून दे. आज."

मी म्हटलं, "आज खंडेनवमी हाय, मबू. आज सुई धरत नाही आम्ही. उद्या सकाळी शिवतो ना."

"उद्या सकाळी माझी गाडी आहे."

"मंग दोन-तीन दिवसांनंतरची गाडी धर. शिवल्यावर दोन दिवस शिकंज्यात ठेवा लागते, नाही तं कणा वाकडा होते."

तुझे काका दारात उभे होते. हळूच म्हणाले, "अवं, दे ना शिवून. देवाले समजते." आणि मी काय म्हणाले सांगू? "देवाले समजते, पण हाताले समजत नाही. पूजेवरची सुई उचलली तं जन्मभर बोटात टोचन." असं म्हणाले मी. हट्टानं म्हणाले. मनात हेही होतं, की शिवलाच नाही तर ती थांबेल. गठ्ठ्यासाठी थांबेल.

ती थांबली नाही. शिकंज्यावरच्या फुलांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "ठीक आहे, वहिनी. राहू दे तुझ्याजवळ. कोणालाही दाखवू नको. माझं पत्र आलं तरी कोणाकडून वाचून घेऊ नको." दसऱ्याच्या सकाळी, सगळं शहर पांढऱ्या कपड्यांच्या माणसांनी भरलेलं असताना, ती स्टेशनवर गेली. शिवलेले दोन गठ्ठे पेटीत. तू माझ्या कडेवर. तिनं तुझ्या मुठीत आपट्याचं पान दिलं, आणि तू ते खाल्लंस.

दसऱ्याची सुट्टी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमननं निळं पाकीट आणून दिलं. मी बोट फिरवलं. डिंकाची एकच रेघ होती.

एकच रेघ, इनू. पहिल्यांदाच. म्हणजे हे पाकीट वाटेत कोणी उघडलेलं नव्हतं. काका म्हणाले, मोमिनपुऱ्यात कोणी मौलवीसाहेब वाचून देतील. पण तिनं बजावलेलं होतं. मी ते डब्यात ठेवून दिलं, तांदळाच्या खाली. अकरा महिन्यांनी तुझी मावशी, ती खरी मावशी, मबूची बहीण, तुला न्यायला आली तेव्हा तिनं ते पाकीट ओळखलं. तिनंच ते चोरून, कुणाच्या तरी हाती दुसऱ्या गावच्या पोस्टात टाकलं होतं. उघडून मला वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या. आई ठणठणीत आहे. येऊ नकोस.

मी त्या दिवशी सुई धरली असती तर शिकंज्यातल्या पुस्तकासाठी ती दोन दिवस थांबली असती, आणि हे पत्र तिच्या हाती पडलं असतं.

तिकडे उतरताच धरलेली तुझी आई सुटून आल्यावर फोनवर हसून म्हणायची, "वहिनी, तुझ्या देवानं वाचवलं. विमानतळावर दोन्ही पुस्तकं गेली. तिसरं असतं तर तेही गेलं असतं." आणि ते खरंच आहे. पहिले दोन भाग तिनं आठवून पुन्हा लिहिले, छापले, त्याचं नाव झालं. मला प्रत पाठवली, लाल कण्याची, उजव्या अंगाला. पण तिसरा भाग तिला पुन्हा लिहिता आला नाही. दुसऱ्यांदा कोंडून ठेवलं तेव्हा तिच्या डोक्यातून ती नावंच गेली, म्हणाली. चाल राहिली, नावं गेली. मी म्हणायची, मग ये ना, घेऊन जा तुझा गठ्ठा. "राहू दे," म्हणायची, "माझं घर म्हणजे चाळणी आहे. सगळं खाली गळतं." तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं.

ते अकरा महिने मात्र माझे होते. ते मी कोणाला देणार नाही. तुझ्या केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास. नरखेडहून माझा भाऊ संत्री आणायचा, तू सालाचा फवारा दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवायचीस. माझ्या घड्या घातलेल्या फर्म्यांवर झोपायचीस, गालावर उलटी अक्षरं उमटायची. संध्याकाळ झाली की गच्चीत जाऊन तीच चाल गुणगुणायचीस, शब्दांच्या जागी ला ला ला करून. काका खाली काम थांबवायचे. मी पातेलं घासायचं थांबवायची. सगळी गल्ली गप्प झाल्यासारखी वाटायची, आणि तो पानठेल्यापुढचा स्कूटरवालासुद्धा वर बघायचा. तो तेव्हाही होता. तुझी मावशी तुला घेऊन गेली त्या दिवशीपासून तो दिसला नाही.

आता त्या माणसाचं सांगते.

गेल्या आठवड्यात आला. दुपारचे बारा, बाहेर ऊन नुसतं खदखदतंय, गल्लीत चिटपाखरू नाही. पन्नाशीचा असेल. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, घामाचा टिपूस नाही. हातात संत्रा बर्फीचा डबा. मोठ्या अदबीनं पाया पडला. हिंदीत बोलत होता. "माँजी, मबरूकाजी ने भेजा है. उनके कागज़ात सँभालकर रखने हैं, बड़ी लाइब्रेरी में." मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, तुम्ही तिची पुस्तकं वाचली? "सब. उन्हीं की ज़बान में," तो म्हणाला, छातीवर हात ठेवून.

मी आत गेले. मबूनं पाठवलेलं छापील पुस्तक कपाटातून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तेच लाल कण्याचं, पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं नाही. म्हटलं, यातलं पहिलं वाक्य वाचून दाखवा ना, भाऊ, तिचा आवाज ऐकल्यासारखं वाटेल. त्यानं पुस्तक घेतलं आणि उघडलं. डावीकडून. आपल्या बाजूनं. शेवटच्या पानावर नजर टाकून म्हणाला, "बहुत सुंदर शुरुआत है."

मी पण एकदा तीच चूक केली होती, इनू. पण मी तिची सगळी पुस्तकं वाचल्याचं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, कागद होते खरे, पण काका गेले त्या वर्षी रद्दीत गेले. म्हातारीला काय कळतं, सगळं एकाच पोत्यात भरलं. तो हसला. उठला. खालच्या खोलीच्या कुलपाकडे बघत बघत बूट घातले. "अच्छा ही हुआ, माँजी," म्हणाला. "कागज़ का क्या भरोसा. और नागपुर की गर्मी! ऐसे घर में तो एक चिंगारी काफी है." आणि पुन्हा पाया पडला. त्याची बोटं माझ्या पावलांना लागली, ती थंडगार होती. या उन्हात.

बर्फी मी कोणाला दिली नाही. डबा तसाच नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकला.

त्या संध्याकाळी गठ्ठा त्याच्या जागेवरून काढला. आता कुठे ठेवलाय, ते इथे लिहीत नाही, आणि तू फोनवर विचारायचं नाही. घरात नाही, एवढंच सांगते. शिवून ठेवू का, असं मनात आलं. दाभण हातात घेतलंही. पण आता कोणाला न विचारता शिवायची माझी हिंमत नाही. शिवलेलं पुस्तक एका झडपेत कोणीही उचलतं. सुटी पानं चार हातांत चार वाटांनी जाऊ शकतात. ते तू आल्यावर ठरवू.

पानं चाळताना एक गोष्ट दिसली. तिसऱ्या गठ्ठ्यात मधूनमधून एकेक पान असं आहे, की त्यावर वर एक ओळ आणि खाली सगळं कोरं. मोजली. बावीस आहेत. मला वाचता येत नाही, पण एवढं कळतं की ती वरची ओळ म्हणजे एकेकीचं नाव-गाव असणार, आणि खालची कोरी जागा तिचं पुढे काय झालं ते कळेल तेव्हासाठी. त्या बायकांच्या आयांनी अजून दारं उघडी ठेवली असतील, नाहीतर आया गेल्याही असतील आणि बहिणी बसल्या असतील. मी एकेका नावावर बोट ठेवत गेले. मला उच्चार माहीत नाहीत. मला फक्त चाल माहीत आहे, तुझ्या तोंडून ऐकलेली. तर मी ती चाल म्हटली, त्या ओळींवरून बोट सरकवत. जुळत होती गं. एकेका ओळीला चालीचा एकेक तुकडा, बरोबर संपत होता. तुझ्या आईनं काही रचलेलं नाही. मला एक अक्षर येत नाही, तरी मी कोर्टात उभी राहून हे सांगीन.

पण माझ्या सांगण्याला कोण विचारतं? ती नावं वाचणारं माणूस पाहिजे. ती तुझी लिपी आहे, तुझ्या आईची आहे. पोस्टानं पाठवायचं नाही, नंदाच्या सुनेच्या बॅगेत टाकायचं नाही. दुसऱ्याच्या लेकीला मी हा गठ्ठा घेऊन कुठल्याच विमानतळावरून जायला लावणार नाही. तू स्वतः ये, आणि इथेच वाच. इथे बसून वकीलबाईला जे पाहिजे ते उतरवून घे, तुझ्या डोळ्यांपुढे फोटो काढ, मग कागदाचं काय व्हायचं ते होऊ दे.

आणि येताना कळवू नकोस. तारीख सांगू नकोस, गाडी सांगू नकोस, "मावशी, तिकीट काढलं" असा फोन तर मुळीच करू नकोस. फोन केलास तर तब्येत विचार, आंब्याचं लोणचं विचार, बास. परवा मी बडकस चौकात भाजीला गेले होते, तो पांढऱ्या शर्टाचा माणूस मला चहाच्या दुकानात दिसला. त्यानं मान लववून नमस्कार केला. मीही केला. काय करणार?

आलीस की दार वाजवू नकोस. दार कोणीही वाजवतं, आता मी उघडत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी राहा आणि मोठ्यानं हाक मार, आपल्या बोलीत, "मावशी वं, मी आली!" असं तोंडभर म्हण. ते तिकडच्या कोणाला शिकवून येणार नाही. मी वरून ओळखीन आणि खाली येईन. गुडघ्यांमुळे जिना उतरायला मला वेळ लागतो, तेवढा वेळ उन्हात थांब. पण ये, बाई. महिन्याच्या आतच ये.